आगोटीचं तेल

मांडवीत लवू शिवलकरांना नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. सगळ्यांचे ते बत्तीसाब. जहाजावर विजेची कामं बघणाऱ्या अधिकाऱ्याला खलाशी बत्तीसाब म्हणतात, आणि लवूकाकांनी उभी हयात तेच काम केलं. जनरेटर, क्रेनच्या मोटारी, कप्तानाच्या केबिनमधला पंखा, सगळं त्यांच्या हाताखालचं. निवृत्त होऊन घरी आले ते हे नाव बरोबर घेऊनच. जहाज सुटलं, नाव चिकटून राहिलं.

घर किनाऱ्याच्या मागच्या आळीत, तीन खोल्यांचं, स्लॅबचं. बायको, दमयंती, गेल्यापासून त्यात ते एकटेच. सकाळी मासळीवाली दारात टोपली उतरवते आणि विचारायच्या आधीच दोन बांगडे बाजूला काढते. "साब, तुमचा वाटा," म्हणते. एका माणसाचा वाटा किती, हे तिला पाठ झालंय, याचं लवूकाकांना कधी कधी वाईट वाटतं. संध्याकाळ झाली की ते तिन्ही खोल्यांत दिवे लावतात. कुणी बसणार नसतं तिथेही. मग जेवण झाल्यावर एकेक खोलीत जाऊन एकेक दिवा बंद करतात. तेवढीच एक फेरी होते.

त्यांची मुलगी निशिगंधा कॅनडात, कॅल्गरीला. एका इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी करते. दर रविवारी संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. तिच्याकडे तेव्हा सकाळ असते.

"जेवलात का बाबा?"

"आत्ता कुठे? अजून दिवेलागण होतेय. तू?"

"मी आत्ता उठले."

"हां, हां. तुझी सकाळ."

हे दर रविवारी. मग रक्तदाबाची गोळी. मग तिथलं बर्फ, इथलं ऊन. नातू मागून जाता जाता हात हलवतो, त्याला मराठी कळतं पण बोलवत नाही. आणि मग बोलणं संपतं. फोन चालूच असतो, दोघं एकमेकांकडे बघत असतात, आणि ती आपल्याकडे बघतेय की कोपऱ्यातल्या स्वतःच्या चौकटीकडे, हे लवूकाकांना कळत नाही. "चला मग," असं दोघांपैकी कुणीतरी म्हणतं. बहुतेक वेळा तेच म्हणतात, तिला म्हणायला लागू नये म्हणून.

दोष कुणाचा म्हणावा? मुलगी त्यांना हप्त्याहप्त्यानेच भेटली. प्रत्येक सुट्टीत ती आदल्या वेळेपेक्षा वीतभर उंच. हे आले की आठवडाभर आईच्या पदराआडून बघायची, आणि जरा सलगी होईतो यांची बॅग भरायला निघायची. आईला ती 'अगं' म्हणायची, यांना 'अहो'.

त्यातल्या त्यात जवळीक झाली ती कंप्युटरमुळे. निशी दुसरी-तिसरीत असताना त्यांनी हँबुर्गहून एक होम कंप्युटर आणला होता. जाडजूड कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र, त्याला माऊस, आणि पडदा म्हणून छोटा टीव्ही. दमयंतीने पेटी उघडल्या उघडल्या विचारलं होतं, "हे काय आणलंत? टायपिंगच्या क्लासात असतं तसलं?" रत्नागिरीत तेव्हा कंप्युटर बँकेतसुद्धा धड आले नव्हते. आळीतली पोरं खिडकीच्या गजांना लटकून बघायची.

बापलेकीने त्यावर एक चित्र काढायला घेतलं. मांडवीची जेटी, भगवती किल्ला, टोकावरचं दीपगृह, समुद्र, आणि समुद्रात बाबांची बोट. दोघं शेजारी शेजारी बसायची. तोंडाकडे तोंड करून बसलं की जी मुलगी मुकी व्हायची, ती पडद्याकडे तोंड केलं की चुरुचुरु बोलायची. "बाबा, बोटीला इतक्या खिडक्या असतात? तुमची कुठली?" लवूकाका माऊसने एका खिडकीत पिवळा रंग भरायचे. "ही. हिच्यात दिवा आहे बघ."

ते गेले की ती एकटी चित्र पुढे काढायची. पुढच्या सुट्टीत तक्रार तयार. "चित्र मोठं करायला घेतलं की नाय म्हणतो. जागा नाय म्हणतो." मग त्यांनी पुढच्या सफरीत मेमरीचं एक जादा कार्ड आणून बसवलं. निशीने त्यांच्या गळ्यात हात टाकले. ते एकदाच. पुढे काही वर्षांनी त्या कार्डावरची घड्याळाची बॅटरी पाझरली, कार्ड हिरवं पडलं, त्यांनी ते काढून टाकलं. निशी तोवर दहावीला होती. चित्र मागे पडलं, यंत्र चादरीत गुंडाळून माळ्यावर गेलं.

आणि मागच्या थंडीत एका रविवारी, "चला मग" म्हणायची वेळ आली असताना, निशी म्हणाली, "बाबा, आपण ते चित्र काढायचो ना कंप्युटरवर. जेटीचं. ते आहे का हो कुठे?"

गोळी आणि जेवण सोडून तिने विचारलेला कित्येक महिन्यांतला हा पहिला प्रश्न.

"आहे की," लवूकाका म्हणाले. आहे की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मला सारखं आठवतंय ते. उघडलंत तर दाखवा हां."

"दाखवतो. पुढच्या रविवारी दाखवतो."

माळ्यावरून यंत्र निघालं. फ्लॉप्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या, आणि डब्यात तांदळाची छोटी पुरचुंडी. दमट हवेने बुरशी धरू नये म्हणून दमयंतीने ठेवलेली. काकांनी यंत्र जोडलं, बटण दाबलं, आणि काय सांगावं, चाललं. चित्र काढायच्या प्रोग्रामची फ्लॉपी घरघरत फिरली. चित्राचं नाव यादीत दिसलं. त्यांनी ते उघडायला सांगितलं, आणि पडद्यावर पट्टी आली की मेमरी पुरत नाही.

तेव्हा त्यांना काढून टाकलेलं कार्ड आठवलं.

असलं कार्ड आता कुठे मिळणार? शोधता शोधता पोलंडमधला एक गृहस्थ सापडला, जुन्या कंप्युटरांच्या वेडापायी घरीच अशी कार्डं बनवणारा. पार्सल यायला मे उजाडला.

"काय बत्तीसाब, पेटली का बत्ती?" असं म्हणत महिपत आत आला, तेव्हा पार्सल नुकतंच उघडलं होतं. महिपत म्हणजे शेजारचा, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. रोज चहाच्या वेळेला तो येतो आणि कुठेही बसला तरी जरा सरकून बसतो, जणू शेजारी अजून कुणी बसायचंय.

"हे काय?"

"मेमरी कार्ड."

महिपतने तळहाताएवढी ती हिरवी पाटी उलटसुलट करून पाहिली. "मेल्या, नाक्यावर मोबाइलच्या दुकानात नखाएवढं मिळतं. त्यासाठी पोलंडला कशाला गेलास?"

"ते यात बसत नाही."

"मग त्याच्यात बसेल असा कंप्युटर घे. नातवाला विचार, तो सांगेल."

"नवीन कंप्युटरात निशीचं चित्र आहे का?"

महिपतने पाटी खाली ठेवली. चहा फुंकून प्यायला. मग म्हणाला, "बसव बाबा. मी धरू का काय?"

"तू फक्त हात लावू नको."

लवूकाकांनी टेबलावर दमयंतीची जुनी चादर चौपदरी घातली. वायरी काढल्या. नळाला हात लावून अंगातली वीज उतरवली. यंत्र पालथं घातलं. पोटाला एक झाकण, ते नखाने उचकटलं. आत अंधारी खाच, आणि खाचेच्या एका भिंतीवर पिनांच्या दोन ओळी, दातांसारख्या. एका कोपऱ्यात कोळिष्टकाचा केसाएवढा धागा होता, तो त्यांनी फुंकून टाकला. विजेरी मारून पिना पाहिल्या. पिवळ्याधमक, चकचकीत. जहाजावर पहिल्या वर्षी त्यांच्या वरिष्ठाने शिकवलं होतं की काळ्या किंवा हिरव्या पिनेवर विश्वास ठेवू नये, चकाकणाऱ्या पिनेला हात लावू नये. त्यांनी आयुष्यभर तेच केलं. कार्ड ओळीला लावलं, दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब दिला, कार्ड आत गेलं. यंत्र सुलटं केलं, बटण दाबलं.

मेमरी पुरत नाही.

"नाय पेटली," महिपत म्हणाला.

कार्ड काढलं, पुन्हा बसवलं. या वेळी पडदा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. भाताच्या रोपासारखा गर्द. हिरवा पडदा म्हणजे यंत्राला मेमरी दिसतेय, पण तिच्याशी बोलणं जमत नाही. लवूकाका त्या हिरव्याकडे बघत राहिले. बोलणं जमत नाही, हे त्यांना नवं नव्हतं.

त्या रविवारी निशीने विचारलं, "काय झालं चित्राचं?"

"कार्ड आलंय. बसवतोय."

पुढच्या रविवारी: "बसलं का?"

"जरा त्रास देतंय. बसेल."

"असू दे हो बाबा. एवढं काही नाही त्यात."

त्याच्या पुढच्या रविवारी तिने विचारलं नाही. लवूकाकांनी काय काय करून पाहिलं ते सांगायला मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. गोळी झाली, ऊन झालं, नातवाचा हात झाला. ती "चला मग" म्हणाली. या खेपेला तीच म्हणाली.

म्हणून ते कार्ड चालायला हवं होतं. चित्रासाठी नाहीच म्हणा. मुलीने एक दार किलकिलं केलं होतं आणि ते पुन्हा बंद व्हायला आलं होतं.

पोलंडच्या माणसाला त्यांनी कळवलं की कार्ड खराब निघालं. त्याचं उत्तर आलं की पाठवण्याआधी कार्ड तपासलं होतं, कृपया पिना स्वच्छ करून पाहा. लवूकाकांचा पारा चढला. पिना स्वच्छ करा! त्यांना! माझं आयुष्य कॉन्टॅक्ट साफ करण्यात गेलं आहे आणि पिना आरशासारख्या आहेत, असं त्यांनी लिहून पाठवलं. मग दिवसभर यंत्र पालथं घालून बसले. त्यात भर म्हणजे हाताला कसलातरी खवट वास येत होता आणि साबणाने जात नव्हता. त्यांनी स्वयंपाकघर हुंगून काढलं. शिंकाळ्यातली खोबऱ्याची वाटी खवटली असणार म्हणून उकिरड्यात टाकली. वाटी चांगली होती.

मे सरत आला. घरोघर आगोटीची कामं निघाली. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी चार महिन्यांची तरतूद करतात ती आगोट. सुकट भरायची, मसाला डब्यात दाबायचा, लाकडं आत घ्यायची, कौलं असतील तर शाकारायची. लवूकाकांकडे आगोट दमयंतीबरोबरच गेली. एका माणसाला कसली तरतूद?

महिपत आला तो हातात एक मोठं पितळी कुलूप घेऊन.

"आमच्या घरच्यांनी आगोटीचं काढलंय. मला म्हणाल्या, एवढं कुलूप तरी उघडून आणा, तेवढाच तुमचा उपयोग. तुझ्याकडे तेल असेल ना रे? वहिनी मशीनला घालायच्या ते?"

शिवणयंत्र कोपऱ्यात होतं, त्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. त्याचा खण लवूकाकांनी दमयंती गेल्यापासून उघडला नव्हता. गठ्ठा खाली ठेवून त्यांनी खण ओढला. रिळं, बटणांची डबी, मोजपट्टी. आणि मागे औषधाची एक छोटी बाटली, तळाशी पिवळं पडलेलं खोबरेल. बाटलीच्या गळ्याला दोऱ्याने बांधलेलं कोंबडीचं पीस.

त्यांनी बूच काढलं. खवट वास आला.

तो वास ते गेले कित्येक दिवस हाताला घेऊन हिंडत होते.

"काय रे?" महिपत म्हणाला. "भूत बघितल्यासारखा काय उभा?"

"काही नाही. कुलूप ठेवून जा. उद्या देतो."

"अरे, तेलाचे दोन थेंब..."

"ठेव म्हटलं ना."

महिपतने कुलूप टेबलावर ठेवलं, दोस्ताकडे नीट पाहिलं आणि गेला. कंडक्टरकी केलेल्या माणसाला कुणाला कुठे उतरायचंय ते कळतं.

लवूकाकांनी यंत्र पालथं केलं, झाकण काढलं. खाचेत बोट घातलं आणि कडेच्या पिनेवर नख ओढलं. नखाखाली मधासारखा तपकिरी चिकटा आला. वार्निशासारखा पातळ, एकसारखा, प्रत्येक पिनेवर. त्या चिकट्यामुळेच पिना चकाकत होत्या. आणि ज्याला ते कोळिष्टक समजले, त्याच्यासारखाच आणखी एक केस आत दोन पिनांच्या मध्ये अडकलेला. चिमट्याने काढून त्यांनी तो पिसाजवळ धरला. पिसाचाच.

त्यांना सगळं ओळीने आठवलं. जुनं कार्ड काढल्यावर पुढच्या सफरीला गेले होते, तेव्हा कुठल्याशा बंदरातून फोन केला होता. मागे रांग लागलेली. चार वाक्यं बोलायला मिळायची. त्यातलं एक त्यांनी यंत्रावर खर्च केलं होतं. "त्या खाचेतल्या पिना आता उघड्या आहेत गो. खारा वारा लागला तर गंजतील. बघ जरा."

"मी बघते," दमयंती म्हणाली होती. "तुम्ही नका काळजी करू."

दमयंती हेदवीची. तिच्या माहेरी पावसाच्या आधी एका संध्याकाळी घरातलं सगळं लोखंड पडवीत येऊन बसायचं. कोयते, विळी, अडकित्ता, कुलपं, कंदिलाच्या तारा. बाया वर्तमानपत्रं पसरून प्रत्येकाला पिसाने खोबरेल लावायच्या. खाऱ्या वाऱ्याला दुसरं उत्तर कुणाला माहीत होतं? ती रीत तिने इथे आणली. लवूकाका मे महिन्यात बहुधा समुद्रावरच असत, त्यांनी ती पाहिली ती निवृत्त झाल्यावर. तेलाचा वास नको म्हणून ते त्या संध्याकाळी जेटीवर फिरायला जायचे. एकदा चपला घालताना ती मागून म्हणाली होती, "तुमच्या त्या पेटीचंपण करून ठेवते हां." कुठली पेटी, असं त्यांनी विचारलं नाही. हत्यारांची असेल, असं धरून चालले.

म्हणजे दर वर्षी ती माळ्यावर चढत होती. यंत्र खाली घेऊन पालथं घालत होती, नखाने झाकण उचकटत होती, आणि पिसाचं टोक तेलात बुडवून एकेका पिनेला लावत होती. त्यांनी एकदा, रांगेत उभं राहून, सांगितलं होतं म्हणून. तेलाने गंजाला आत येऊ दिलं नव्हतं. वर्षांच्या थरांनी विजेलाही येऊ देत नव्हतं, हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगणारा जेटीवर फिरत होता.

स्पिरिटची बाटली कपाटात होती. कानात घालायच्या कापसाच्या काड्या होत्या. घटकाभराचं काम. लवूकाकांनी काडी स्पिरिटमध्ये बुडवली आणि हात खाचेपाशी नेऊन थांबवला.

दमयंतीच्या साड्या निशी येऊन वाटून गेली होती. चष्मा देऊन टाकला. तिच्या हातचं लोणचं संपून बरणी धुतली गेली. तिच्या हाताने केलेलं असं घरात काही उरलं असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं, आणि ते सापडलं तेच पुसून टाकायचं काम निघालं होतं. त्यांनी काडी खाली ठेवली. झाकण लावलं. त्या संध्याकाळी दिवे लावायचे राहिले.

रविवार आला. लवूकाकांनी ठरवलं होतं की निशीला तेलाचं सांगायचं.

"जेवलात का बाबा?"

"नाही अजून. निशी, अगो ऐक, तुझी आई ना..."

"बाबा, एक मिनिट हां." पडद्याबाहेर ती कुणाशी तरी इंग्रजीत बोलली. परत आली. "सॉरी. आज जरा घाई आहे. काय म्हणत होता?"

"काही नाही. तू जा."

"गोळी घेतलीत ना?"

"घेतली."

फोनचा पडदा काळा झाला आणि त्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं. खूप वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले. जी गेली तिच्या हाताचा चिकटा राखून ठेवायचा, आणि जी आहे तिला द्यायला हातात काही नाही. हिशेब कसाही मांडला तरी दमयंतीने त्यांनाच झापलं असतं. तिने तेल यंत्र टिकावं म्हणून लावलं होतं, स्वतःची आठवण म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चादर अंथरली. एकेक पिन पुसायला घेतली. काडीला तपकिरी लागे, कुठे हिरवट. खाली पिन निघे ती कारखान्यातून आल्यासारखी. वरची ओळ झाली, खालची ओळ झाली. कोपऱ्यातल्या शेवटच्या पिनेपाशी ते आले आणि थबकले. ती अर्थिंगची पिन. यंत्राच्या सर्किटच्या नकाशात त्यांनी पाहिलं होतं, अर्थिंगच्या पिना त्या ओळीत आणखीही होत्या. यंत्राला एकीवाचून काही अडणार नव्हतं. बत्तीसाब म्हणून हे त्यांना पक्कं माहीत होतं, नाहीतर त्यांनी तसं केलं नसतं.

ती एक पिन त्यांनी पुसली नाही.

कार्ड बसवलं. यंत्र सुलटं केलं. बटण दाबलं. पडदा करडा झाला, पांढरा झाला. फ्लॉपी घरघरली. चित्राचं नाव आलं. त्यांनी ते उघडायला सांगितलं आणि डोळे मिटून घेतले. घरघर थांबली तेव्हा उघडले.

पडद्यावर जेटी होती. किल्ला, दीपगृह, वर दीपगृहापेक्षा मोठा सूर्य. जेटीच्या टोकाला दोन माणसं, एक मोठं, एक लहान, दोघांच्या अंगात तांबडं. लहानाने हात वर केलेला. ही माणसं त्यांनी काढली नव्हती. बोट मात्र दिसेना. त्यांना आठवत होतं त्याप्रमाणे ती जेटीच्या लगतच असायला हवी होती. चित्र पडद्यापेक्षा मोठं होतं. त्यांनी बाणाची कळ दाबून चित्र सरकवायला सुरुवात केली. समुद्र आला. पुढे समुद्र. आणखी समुद्र.

लवूकाकांनी कळ सोडली. पुढचं एकट्याने बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. यंत्र बंद करून रविवारची वाट पाहिली.

रविवारी फोन आला तेव्हा त्यांनी तो बरणीला टेकवून टीव्हीकडे तोंड करून ठेवला होता.

"बाबा, तुम्ही दिसत नाही."

"मी नाही दिसायचा. समोर बघ."

 मग तिकडून, "अगं बाई." आणि मग, "ही मी. ही आई. तांबडे कपडे, कारण तांबडा रंग मला नीट सापडायचा. बाबा, बोट कुठाय?"

"तेच म्हणतो. मला आठवतं, इथेच होती."

"नाही, नाही. डावीकडे जा."

त्यांनी कळ दाबली. निळं सरकू लागलं.

"अजून?"

"अजून."

"एवढा समुद्र कुणी काढला?" लवूकाकांनी विचारलं.

ती हसली. तिचं तसलं हसू त्यांनी फोनवर ऐकलं नव्हतं. "मी. तुम्ही गेलात की मी चित्र रुंद करायचे. बोट लांब न्यायला. प्रत्येक वेळी थोडं. म्हणून तर जागा पुरायची नाही. आई म्हणायची, आवर गो, एवढा समुद्र केलास तर बाबा पोचायचे कधी?"

लवूकाका कळ दाबत राहिले. त्या एवढ्याशा यंत्राची सगळी मेमरी समुद्रानेच खाल्ली होती, आणि आणखी समुद्र मावावा म्हणून जादा कार्ड त्यांनीच आणून दिलं होतं. गळ्यात पडलेले हात त्यांना आठवले.

शेवटी डाव्या कडेला बोट आली. लहानशी. एका खिडकीत पिवळा ठिपका.

"दिवा चालू आहे," निशी म्हणाली.

"चालूच होता."

दोघांपैकी कुणीच "चला मग" म्हटलं नाही. मग लवूकाकांनी तिला तेलाचं सांगितलं. पिसाचं, पिनांचं, उकिरड्यात टाकलेल्या खोबऱ्याच्या वाटीचं. कोपऱ्यातल्या पिनेचं मात्र सांगितलं नाही. ती ऐकत होती. मध्येच नाक पुसल्याचा आवाज आला.

"मला पुन्हा जेटीकडे न्या ना," ती म्हणाली.

त्यांनी उलटी कळ दाबली. बोट मागे गेली. निळं सरकू लागलं. तेवढ्यात तिकडे दुसरा फोन वाजला.

"बाबा, लॅबचा आहे. घ्यावा लागेल. पुढच्या रविवारी हां. यंत्र ठेवू नका वर."

"नाही ठेवत."

"आणि पाऊस येईल आता. झाकून ठेवा."

फोन बंद झाला. लवूकाकांचं बोट कळीवरून निघालं तेव्हा चित्र मधोमध थांबलं होतं. ना बोट, ना जेटी. पडदाभर निळं. त्यांनी ते पुढेही नेलं नाही, मागेही नेलं नाही. खोली निळी झाली होती. भिंतीवर, हातावर, शिवणयंत्रावर निळं. आतल्या दोन खोल्यांत अंधार होता आणि दिवे लावायला उठावंसं वाटत नव्हतं.

"बत्तीसाब," फाटकातून आवाज आला. "पेटली का बत्ती? नायतर माझं कुलूप तरी दे, 'उद्या' म्हणाला होतास. आमच्या घरच्या मला बाहेर उभं करतील."

"पेटली," लवूकाका म्हणाले. "आत ये. बस."

त्यांनी खणातून बाटली काढली. पिसाचं टोक खोबरेलात बुडवलं, बाटलीच्या काठावर निथळून घेतलं आणि कुलपाच्या भोकात फिरवलं. महिपत खुर्चीवर जरा सरकून बसला आणि निळ्या पडद्याकडे बघत राहिला.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"समुद्र."

"आणि बाकीचं?"

"आहे. दोन्ही टोकांना आहे." कुलूप खटकन उघडलं. लवूकाकांनी ते त्याच्या हातात दिलं, पीस पुन्हा तेलात बुडवलं, आणि घरात आणखी लोखंड कुठे कुठे आहे ते बघायला आत गेले. जाता जाता त्यांनी दोन्ही खोल्यांतले दिवे लावले.